रखमाबाईंना कुणी विचारलं होतं का?

दोस्तांनो, लहानपणी राजाराणीच्या गोष्टी तुम्ही भरपूर ऐकल्या असतील. त्यातला शूर तरुण राक्षसाला मारतो, सात समुद्रांपलीकडून फूल आणतो आणि मग राजा खूश होऊन त्याला काय देतो? बरोबर! ‘अर्धं राज्य आणि राजकन्या.’ पुढे ती दोघं सुखाने नांदू लागतात आणि गोष्ट संपते. पण एक प्रश्न तुमच्या मनात कधी आला का? अर्धं राज्य बिचारं मुकं. त्याला विचारायचा प्रश्नच येत नाही. पण राजकन्येला तोंड होतं ना? मग तिला कुणी विचारलं का, ‘बाई गं, हा तुला पसंत आहे का?’

हा प्रश्न खऱ्याखुऱ्या आयुष्यात, भर न्यायालयात उभा केला तो मुंबईच्या एका मुलीने. तेही थोडीथोडकी नाही, तब्बल एकशे चाळीस वर्षांपूर्वी! त्या मुलीचं नाव रखमाबाई. आज आपण तिची गोष्ट वाचणार आहोत. गोष्ट जुनी आहे, पण तिच्यातला प्रश्न अजून संपलेला नाही, बरं का.

अकराव्या वर्षी बोहल्यावर

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या आईचं नाव जयंतीबाई. जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा! म्हणजे आज ज्या वयात तुमच्या ताया बारावीचा अभ्यास करतात, त्या वयात त्यांच्या पदरी एक लहानगी मुलगी होती आणि कपाळी वैधव्य.

त्यांच्या सुतार समाजात विधवेने पुन्हा लग्न करायची चाल होती, हे एक बरं झालं. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे डॉक्टर मोठे विद्वान होते. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ ही निसर्ग-अभ्यासकांची संस्था १८८३ साली स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते आणि त्यातले एक डॉ. सखाराम अर्जुन. असे वडील मिळाल्यामुळे छोट्या रखमेला पुस्तकांची गोडी लागली.

पण रिवाज तो रिवाज! वयाच्या अकराव्या वर्षी रखमेचं लग्न झालं. नवरदेव दादाजी भिकाजी हा एकोणीस-वीस वर्षांचा, नात्यातलाच एक तरुण. त्याने सासऱ्यांच्या आधाराने शिकावं, शहाणं व्हावं असं ठरलं होतं.

त्या काळी मुलीला पाळी आली, म्हणजे ती ‘शहाणी’ झाली की लगेच तिला नवऱ्याच्या स्वाधीन करत. रखमेचीही तशी वेळ आली. पण डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्याला साफ नकार दिला. ते डॉक्टर होते. एवढ्या कोवळ्या शरीरावर संसार लादला तर काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मुलगी माहेरीच राहिली. मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि घरच्या घरी वाचायची, असं तिचं शिक्षण चालू झालं.

इकडे दादाजीचं मन काही शिक्षणात रमेना. तो आपल्या मामाच्या घरी जाऊन राहू लागला. त्याची प्रकृती बरी नसे आणि डोक्यावर कर्जही झालं होतं. वर्षं गेली. रखमा वीस वर्षांची झाली, विचार करू लागली. आणि तिने ठरवलं, ‘या माणसाबरोबर मी नांदणार नाही.’

‘नांदायला पाठवा!’

१८८४ साली दादाजीने वकिलामार्फत पत्र पाठवलं, की माझ्या बायकोला नांदायला पाठवा. नकार मिळाल्यावर त्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. खटला चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. रखमाबाईंचा मोठा आधार गेला.

तरी त्या डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने बालविवाहाविरुद्ध पत्रं छापून आली. ती वाचून मोठमोठे लोक चकित झाले. कोण ही बाई? ती पत्रं रखमाबाईंनीच लिहिलेली होती!

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : या मुलीचं लग्न तिला काही कळत नव्हतं, त्या असहाय वयात लावलं गेलं. ती नवऱ्याबरोबर एक दिवसही राहिलेली नाही. आता मोठी झाल्यावर ती नको म्हणत असताना तिला बळजबरीने त्याच्याकडे पाठवणं हे क्रूरपणाचं होईल. दावा फेटाळला!

पण आनंद फार दिवस टिकला नाही. दादाजीने अपील केलं. वरच्या न्यायाधीशांनी १८८६ मध्ये सांगितलं, की लग्नाचा विधी झाला म्हणजे लग्न पूर्ण झालं. खटला पुन्हा चालवा. आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम सोडला, की एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा.

मुलांनो, रखमाबाईंनी काय निवडलं असेल? त्यांनी कळवलं, की मी तुरुंगात जाईन, पण या घरी जाणार नाही.

सगळ्या देशात एकच खळबळ उडाली. वर्तमानपत्रांत दोन तट पडले. रखमाबाईंच्या मदतीसाठी मुंबईत समिती स्थापन झाली. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांची हकिगत जगाला सांगितली. उलट लोकमान्य टिळकांनी मात्र रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. परक्या सरकारने आणि त्याच्या कायद्याने आपल्या घरच्या रीतिरिवाजांत ढवळाढवळ करू नये, सुधारणा हळूहळू समाजातूनच व्हावी, असं त्यांचं मत होतं. गोपाळ गणेश आगरकरांना हे पटत नसे. ज्या रूढीपायी कोवळ्या मुलींचे हाल होतात, ती थांबवायला कायदा लागला तर तो करावा, असं ते म्हणत. दोघेही देशभक्त, दोघेही एके काळचे जिवलग मित्र! पण या प्रश्नावर त्यांचे रस्ते वेगळे झाले.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने आपला दावा सोडला. व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून रखमाबाईंना सोडवलं, अशी एक गोष्ट तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. ऐकायला छान वाटते, पण खरं तर सुटका झाली ती या तडजोडीने. तुरुंगात जायची वेळ आली नाही, इतकंच.

डॉक्टर रखमाबाई

१८८९ साली रखमाबाई बोटीत बसून इंग्लंडला गेल्या आणि लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. डॉक्टर होऊन परत आल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना या वाटेवर मोठा आधार दिला होता. पुढे सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी सुरत आणि राजकोट इथे स्त्रियांच्या रुग्णालयांत काम केलं. आपल्या देशात प्रत्यक्ष रुग्ण तपासणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक. किती बायकांची बाळंतपणं त्यांनी सुखरूप केली असतील, कल्पना करा! जिला सहा महिने कोठडीत बसवायला निघाले होते, तिने शेकडो घरांत पाळणा हलवला. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत, त्या वारल्या.

वयाची शिडी

रखमाबाईंच्या खटल्याचा परिणाम काय झाला? लोक विचार करू लागले. मुलीची ‘संमती’ म्हणजे काय? आणि कितव्या वर्षी तिला खरी संमती देता येते? खालची शिडी पाहा. आपला समाज या शिडीवर किती सावकाश चढला ते कळेल.

१८६० – इंग्रजांच्या दंडसंहितेत शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय होतं अवघं दहा वर्षं!
१८९१ – संमतिवयाचा कायदा. हे वय बारा झालं, मग मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो.
१९२९ – शारदा कायदा. लग्नाचं किमान वय मुलीसाठी चौदा, मुलासाठी अठरा.
१९४९ – मुलीसाठी पंधरा.
१९७८ – मुलीसाठी अठरा, मुलासाठी एकवीस.
२००६ – बालविवाह प्रतिबंधक कायदा. बालविवाह लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.
२०१२ – पोक्सो कायदा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं लैंगिक शोषण हा गंभीर गुन्हा.
२०१७ – सर्वोच्च न्यायालयाचा निकाल : पत्नी अठरा वर्षांखालची असेल, तर नवऱ्यालाही या गुन्ह्यातून सूट नाही.

दहापासून अठरापर्यंत यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली! आणि गंमत पाहा, ‘नांदायला पाठवा’ असा दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार आजही लावता येतो, नवऱ्याला आणि बायकोलाही. मात्र आता त्यासाठी कुणाला तुरुंगात टाकता येत नाही.

अठराच का?

काहींच्या घरी आजी म्हणते, ‘आमची लग्नं तेराव्या-चौदाव्या वर्षी झाली, आमचं काय वाईट झालं?’ आजीशी भांडू नका. पण शरीराचं गणित समजून घ्या.

साधारण दहा ते पंधरा या वयात मुलींना पाळी सुरू होते. मुलांचा आवाज फुटतो, मिसरूड येते. यात लाजण्यासारखं काहीच नाही, ही वाढीची खूण आहे. पण ही वाढीची सुरुवात आहे, शेवट नव्हे! पाळी आल्यानंतरही कंबरेची हाडं काही वर्षं वाढतच असतात. पेरूच्या झाडाला फूल आलं म्हणून कुणी फळ तोडायला जातं का? कोवळ्या वयात दिवस गेले तर बाळंतपण अडतं, रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात. अंगात रक्त कमी असेल तर धोका आणखी वाढतो. बाळही कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते.

हे झालं शरीराचं. मनाचं काय? अकराव्या वर्षी ‘हो’ म्हणणाऱ्या मुलीला आपण कशाला हो म्हणतोय हे कळतं का? नवी साडी, दागिने, बँडबाजा, एवढंच तिला दिसतं. म्हणून ‘पण ती हो म्हणाली होती’ हे उत्तर पुरत नाही. संमती म्हणजे नुसती मान हलवणं नव्हे. कशाला होकार देतोय हे समजलं पाहिजे आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक पाहिजे. जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथल्या ‘हो’ला काय किंमत?

आजच्या रखमा

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुन्या काळचं. आता कुठे होतात बालविवाह? तर ऐका. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तेचाळीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा तेवीसवर आला. म्हणजे सुधारणा नक्कीच झाली. पण आपल्या महाराष्ट्रातही तेव्हा शंभरात बावीस जणी होत्याच. परभणी, बीड या जिल्ह्यांत तर चाळीसपेक्षा जास्त!

असं का होतं? आईबाप दुष्ट असतात म्हणून? नाही. बीडकडची हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने परमुलखात पालांत राहतात. उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. वयात आलेल्या मुलीला गावी कुणाच्या भरवशावर ठेवायचं, आणि फडावर न्यायचं तरी कसं, ही काळजी आईबापांना पोखरते. त्यातून वाटतं, लग्न लावून दिलं की जबाबदारी सुटली. कुठे सातवीपुढची शाळा लांब असते आणि एसटी वेळेवर येत नाही. कुठे मुलगी मोठी झाली की हुंडा वाढतो. कुठे तिने कुणा मुलाशी बोललेलं दिसलं की ‘आता उजवून टाका’ अशी घाई सुटते. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांचं उत्तर वसतिगृह, जवळची शाळा आणि वेळेवर येणारी एसटी हे आहे. मुलीचं लग्न हे नाही.

मुलग्यांनो, इकडे लक्ष द्या!

हा मुलींचा लेख आहे असं समजून पान उलटू नका हं! संमती दोघांची असते. मुलग्याचं लग्नही त्याला न विचारता लावलं जातं. कोवळ्या वयात संसाराचं ओझं डोक्यावर आलं की त्याचीही शाळा सुटते. वाईट स्पर्श मुलींनाच होतो असं नाही, मुलग्यांनाही होतो. पोक्सो कायदा दोघांचंही रक्षण करतो. ‘मुलगा असून रडतोस काय?’ असं कुणी म्हणालं तरी गप्प बसू नका, घरी सांगा.

आणि दुसरी गोष्ट. सिनेमात नायिका दहा वेळा ‘नाही’ म्हणते, नायक तिच्या मागे फिरतो, गाणी म्हणतो आणि अकराव्यांदा ती हसते. पडद्यावर हे चालून जातं. खऱ्या आयुष्यात मुलीच्या मागे मागे फिरणं हा कायद्याने गुन्हा आहे. वर्गातली एखादी मुलगी आवडणं यात पाप नाही, आणि एखाद्या मुलीला मुलगा आवडणं यातही नाही. पण समोरच्याने ‘नाही’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘नाही’ एवढाच असतो. नकार ऐकून मान ठेवणारा मुलगा हरत नाही. रखमाबाईंचा नकार ऐकून दादाजीने तेव्हाच हात जोडले असते, तर दोघांचीही चार वर्षं वाचली असती!

आई-बाबांसाठी चार ओळी

ही चार वाक्यं आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

पाळी, शरीरातले बदल, आवड-निवड, नको असलेला स्पर्श यांविषयी मुलं प्रश्न विचारतात, तेव्हा ‘गप्प बस, हे काय विचारतोस?’ असं म्हणू नका. घरात उत्तर मिळालं नाही तर मूल ते भलतीकडे शोधतं. सगळं आपल्याला ठाऊक नसलं तरी चालेल. ‘आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू,’ एवढं म्हटलं तरी मुलाला धीर येतो. आणि लहानसहान गोष्टींत त्याला विचारायची सवय ठेवा. पाहुण्यांचा पापा घ्यायचा नसेल तर त्याला जबरदस्ती करू नका. लहान गोष्टींतला त्याचा ‘नाही’ आज ऐकला, तर मोठ्या गोष्टीत ते तो न घाबरता म्हणेल.

वेळ आलीच तर

तुमच्या वर्गातली एखादी मैत्रीण अचानक शाळेत यायची थांबली, तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं, तर काय कराल? सगळ्यात आधी विश्वासातल्या बाईंना किंवा सरांना सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. तो फुकट लागतो आणि दिवसरात्र चालू असतो. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीच्या ताईंना किंवा पोलिसांनाही कळवता येतं. लग्न होऊन गेलं असेल तरी सगळं संपलं असं नाही. बालपणी लग्न झालेल्या मुलीला किंवा मुलाला, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते लग्न रद्द करून मागता येतं. रखमाबाईंना हे दार बंद होतं. आज ते उघडं आहे.

आता तुम्हाला एक गृहपाठ. लग्नाचं वय मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस, असा फरक का असावा? मत द्यायला तर दोघांनाही अठराच लागतात! दोघांचं वय एकवीस करायचं विधेयक २०२१ साली लोकसभेत आलं होतं, पण २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळलं. कुणी म्हणतं दोघांचं एकवीस करा, कुणी म्हणतं दोघांचं अठरा करा. वर्गात यावर वादविवाद ठेवा पाहू!

आणि आज रात्री जेवणं झाली की आजीजवळ किंवा पणजीजवळ जाऊन बसा. तिचं लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारा. मग हळूच विचारा, ‘आजी, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का गं?’ ती काय सांगेल ते मधे न बोलता ऐका. कदाचित हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारत असेल.